हाक आणि बैठक

राजकीय आंदोलन इंटरनेटवरून उभे करावे की माणसांना प्रत्यक्ष भेटून, या वादात गेली पंधरा वर्षे दोन्ही बाजू एकाच गोष्टीची मोजदाद करत आल्या आहेत. किती माणसे जमली आणि किती वेळात जमली, एवढेच त्या मोजतात. एका संदेशावर चार दिवसांत लाखो लोक रस्त्यावर येतात, हे कोणत्या संघटनेला कधी साधले होते, असे एक बाजू विचारते. ही गर्दी जशी येते तशी ओसरते, असे दुसरी बाजू म्हणते. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि तरी वाद सुटत नाही, कारण गर्दी जमवणे हे आंदोलनाचे फार तर पहिले काम असते. मागणी फेटाळली जाते, कोणाला अटक होते, सरकार अर्धी मागणी मान्य करून उरलेल्या अर्धीसाठी चर्चेला बोलावते, आपल्यातच दोन तट पडतात, पैसे संपतात. अशा वेळी काय करायचे हे ठरवणारी आणि ठरलेले पाळणारी माणसे आहेत की नाहीत, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. माझे म्हणणे असे आहे की हाक देण्याचे काम इंटरनेट आजवरच्या कोणत्याही साधनापेक्षा चांगले करते. पण ठरवण्याची आणि ठरलेले निभावण्याची ताकद समोरासमोर बसूनच येते, आणि जी चळवळ पहिल्याच्या सोयीला भुलून दुसरे टाळते ती आपल्याच माणसांना ऐन वेळी उघड्यावर सोडते.

या वादात इजिप्तचा दाखला हमखास दिला जातो. जानेवारी २०११ मध्ये कैरोत झालेल्या उठावाला तेव्हाच ‘फेसबुक क्रांती’ असे नाव पडले, आणि ते अगदीच निराधार नव्हते. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालेद सईद हा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला, त्याच्या छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे छायाचित्र इंटरनेटवर पसरले आणि ‘आम्ही सगळे खालेद सईद’ या फेसबुक पानाभोवती लाखो लोक गोळा झाले. २५ जानेवारीची हाक त्या पानावरूनच गेली. पण त्या दिवशी रस्त्यावर काय घडले ते जवळून पाहण्यासारखे आहे. संयोजकांनी निदर्शनांची सुमारे वीस ठिकाणे जाहीर केली होती, त्यामुळे पोलीस त्या सगळ्या ठिकाणी आधीच उभे होते. एक ठिकाण मात्र कुठेही लिहिले गेले नव्हते. बुलाक अल-दक्रूर ही कष्टकऱ्यांची दाट वस्ती आहे, आणि तिथे जमायचे आहे ही गोष्ट एकमेकांना ओळखणाऱ्या कार्यकर्त्यांच्या लहान तुकड्यांपलीकडे जाऊ दिली गेली नव्हती. काहीशे माणसे अरुंद गल्ल्यांतून महागाईच्या आणि मजुरीच्या घोषणा देत निघाली, दारा-खिडक्यांतून पाहणारे लोक खाली उतरून त्यांच्यात मिसळले, आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो हजारोंचा मोर्चा झाला होता. पोलिसांची कडी ओलांडून तहरीर चौकापर्यंत जे आधी पोहोचले, त्यांत हा मोर्चा होता.

ही योजना आखणाऱ्यांत ६ एप्रिल गटाचे तरुण होते, आणि त्या गटाचा जन्म २००८ साली महल्ला अल-कुब्रा येथील कापड गिरणी कामगारांच्या संपाला पाठिंबा देताना झाला होता. म्हणजे फेसबुकच्या पानामागे तीन वर्षांचे धडपडणे होते, पकडले जाणे होते, फसलेली निदर्शने होती. २८ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर सरकारने इंटरनेट बंद केले आणि दिवसा मोबाइलही बंद पडले. गर्दी फेसबुकमुळेच येत असती तर त्या शुक्रवारी ती घटायला हवी होती. ती वाढली. घरात बसून काहीच कळेना म्हणून लोक बाहेर आले, आणि शुक्रवारच्या नमाजासाठी माणसे मशिदींत एकत्र जमलेली होतीच. पुढे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कामगारांचे संप पसरले आणि ११ तारखेला राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाले आणि सत्ता लष्कराच्या हाती गेली.

मला अस्वस्थ करतो तो यानंतरचा काळ. चौकात जमलेल्या लाखोंच्या वतीने लष्कराशी बोलायला कोणी जायचे, हे ठरवण्याची जागाच नव्हती. जो जाईल तो विकला गेला, असे दुसरे म्हणत, आणि ते खोटे आहे हे पटवून देता येईल इतकी जुनी ओळख त्यांच्यात नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या संसदीय निवडणुकीत सुमारे निम्म्या जागा मुस्लिम ब्रदरहूडच्या पक्षाच्या आघाडीला मिळाल्या आणि क्रांती घडवणाऱ्या तरुणांच्या आघाडीच्या वाट्याला मूठभर आल्या. ब्रदरहूड ही १९२८ साली स्थापन झालेली संघटना. दवाखाने, मदतकार्य, वस्तीवस्तीतल्या लहान बैठका यांतून तिने ऐंशी वर्षे माणसे बांधली होती. मला तिचे विचार मान्य नाहीत, पण ज्याची मते आपल्याला घातक वाटतात त्याने केलेले काम आपण केले नाही, हे मान्य करायला तरी हरकत नसावी. २०१२ मध्ये ब्रदरहूडचे मोर्सी अध्यक्ष झाले, जुलै २०१३ मध्ये लष्कराने त्यांना हटवले, आणि त्यानंतर चौकातले अनेक तरुण तुरुंगात गेले.

आता याच्या शेजारी दुसरे एक आंदोलन ठेवून पाहू. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्या रात्री जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिका आपल्या महाविद्यालयात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने पहाटेपर्यंत चक्रमुद्रण यंत्रावर पत्रके काढत बसल्या. एका कागदावर तीन पत्रके, मग कागद कापायचे, मग गठ्ठे बांधायचे. सोमवारी बसमध्ये चढू नका, एवढाच मजकूर. दुसऱ्या दिवशी हजारो पत्रके शहरभर पोहोचली आणि ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. वेगाबद्दलच बोलायचे तर हा आजच्या कोणत्याही पोस्टच्या तोडीचा आहे. पण गठ्ठे कुठे द्यायचे आणि पुढे कोण वाटणार हे त्या रात्री शोधावे लागले नाही. रॉबिन्सन ज्या महिला राजकीय परिषदेच्या अध्यक्ष होत्या ती १९४६ पासून काम करत होती, आणि बहिष्काराचा इशारा देणारे पत्र त्यांनी महापौरांना मे १९५४ मध्येच पाठवले होते. रोझा पार्क्सही कोणी अचानक थकून बसलेली अनोळखी बाई नव्हती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेच्या त्या सचिव होत्या.

त्याहून महत्त्वाचे आहेत नंतरचे ३८१ दिवस. पहिल्या काही दिवसांत कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसच्या दरात प्रवासी नेले. शहराने टॅक्सीच्या किमान भाड्याचा नियम दाखवून ते थांबवले. मग मार्टिन ल्यूथर किंग यांनी बॅटन रूज शहरातील एका धर्मगुरूला विचारले, कारण तिथे १९५३ साली असाच बहिष्कार झाला होता, आणि त्याच्या अनुभवावरून खासगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली. सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, वेळापत्रक, पेट्रोलचा हिशेब. त्या गाड्यांचे विमे रद्द करवले गेले तेव्हा थेट लंडनहून विमा मिळवला. जानेवारी १९५६ मध्ये किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, फेब्रुवारीत ऐंशीहून अधिक जणांवर आरोपपत्रे दाखल झाली. या सगळ्या काळात चर्चमधल्या सभा चालू होत्या, सुरुवातीला तर आठवड्यातून दोनदा. त्या सभांत गाणी आणि प्रवचने होत असत, पण गाड्यांचे वेळापत्रक कुठे चुकते, कोणाला कामावर पोहोचायला उशीर झाला, निधीत किती जमा झाले, हेही तिथेच बोलले जाई. शहराने नोव्हेंबरमध्ये न्यायालयाकडून मोटारींच्या व्यवस्थेवर बंदी आणली, तेव्हा शेवटचे पाच आठवडे लोक चालत गेले. अकरा महिन्यांच्या सवयीशिवाय, आणि शेजारीही चालतो आहे हे रोज डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, ते चालणे झाले नसते.

समाजशास्त्रज्ञ झैनेप तुफेकची यांनी या फरकाकडे नेमके बोट ठेवले आहे. पूर्वीचा मोर्चा म्हणजे वर्षानुवर्षांच्या कामाचा दिसणारा शेवट असे. आजचा मोर्चा ही बहुधा कामाची सुरुवात असते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी २८ ऑगस्ट १९६३ रोजी निघालेला वॉशिंग्टन मोर्चा त्या चळवळीतले संघटक बेयर्ड रस्टिन यांनी दोन महिन्यांहून कमी वेळात उभा केला, आणि तो आकाराने सुमारे अडीच लाखांचा होता. रस्टिन यांच्या कार्यालयात दोन हजारांहून अधिक बसगाड्यांचा, शौचालयांचा, पिण्याच्या पाण्याचा, स्वयंसेवकांनी बांधलेल्या ऐंशी हजार शिदोऱ्यांचा आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल अशा ध्वनिक्षेपकांचा हिशेब चाले. सत्ताधाऱ्यांनी मैदानातली माणसे मोजली असतील, पण त्यांना खरी धास्ती वाटली असेल ती हे जमवणाऱ्या यंत्रणेची, कारण जी संघटना दोन हजार बसगाड्या आणू शकते ती निवडणुकीत मतदारही आणू शकते. २१ जानेवारी २०१७ च्या ट्रम्पविरोधी महिला मोर्च्याची सुरुवात एका निवृत्त बाईच्या फेसबुक पोस्टपासून झाली आणि अमेरिकेतील शहराशहरांत मिळून तीस लाखांहून अधिक लोक त्यात उतरले, म्हणजे १९६३ च्या दहा पटींहून जास्त. तेवढ्या प्रमाणात त्याचे वजन पडले का? पडले नाही. पण एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण ती बहुतेक टीकाकार सोडून देतात. त्या मोर्च्यातून परतलेल्या ज्या बायकांनी आपापल्या भागात लहान गट काढले, कोणाच्या तरी घरी नियमाने बैठका घेतल्या आणि दारोदार फिरल्या, त्यांचा परिणाम २०१८ च्या निवडणुकांत दिसला.

बैठकीत असे काय घडते जे गटातल्या संदेशांतून घडत नाही, हा प्रश्न भावुक न होता विचारायला हवा. समोर बसलेल्या माणसाचा विरोध आपण पूर्ण ऐकून घेतो, कारण उठून जाणे अवघड असते. गप्प बसलेला माणूस दिसतो. स्क्रीनवर गप्प बसणारा नसल्यासारखाच असतो. काम वाटताना कोणाकडे तरी पाहावे लागते, आणि चारचौघांत ‘मी करतो’ म्हटलेले काम टाळणे जड जाते, अंगठ्याचे चिन्ह दाबून दिलेला शब्द मोडणे तसे जड जात नाही. मराठीत सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता असा शब्दप्रयोग आहे आणि तो बहुधा हेटाळणीने किंवा कीव करत वापरला जातो. मला तो फार मोलाचा वाटतो. सभा संपल्यावर थांबणारी चार माणसे कोणती आहेत हे प्रत्येक जुन्या संघटकाला माहीत असते, आणि कठीण प्रसंगी तो त्यांच्याकडेच जातो. हजार सदस्यांच्या गटात ही चार माणसे कोणती, हे कळायला मार्ग नाही, कारण तिथे उचलायला सतरंजीच नसते.

माणसांचे मन आणि कृती बदलण्याबाबत काही मोजमापेही झाली आहेत. १९९८ साली अमेरिकेतील न्यू हेवन शहरात सुमारे तीस हजार मतदारांवर केलेल्या प्रयोगात दारात जाऊन केलेल्या आवाहनाने मतदान ठळकपणे वाढले, टपालाने आलेल्या पत्रकांनी थोडेसे, आणि फोनवरच्या आवाहनाने वाढलेच नाही. मायामीत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारात उभे राहून केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या प्रामाणिक संभाषणाने पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी झाला, आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. इंटरनेटच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा म्हणून दाखवला जातो तो फेसबुकवरचा प्रयोग. २ नोव्हेंबर २०१० च्या अमेरिकी निवडणुकीच्या दिवशी सहा कोटींहून अधिक लोकांना मतदानाची आठवण करून देणारा संदेश दाखवला गेला आणि त्यातून सुमारे तीन लाख चाळीस हजार जादा मते पडली असा अंदाज निघाला. हा आकडा लहान नाही. पण तोच अभ्यास बारकाईने वाचला तर दिसते की ज्या संदेशात मित्रांचे चेहरे नव्हते, नुसती माहिती होती, त्याचा मतदानावर परिणाम झाला नाही. आणि एकाकडून दुसऱ्याकडे जो परिणाम पसरला तो जवळजवळ सगळा अशा जवळच्या मित्रांमध्ये, जे एकमेकांना प्रत्यक्षही भेटत असण्याचा संभव जास्त होता. स्क्रीनवरून जे साधले ते स्क्रीनबाहेर जमलेल्या नात्याच्या बळावर साधले, असा याचा सरळ अर्थ मी घेतो.

नेता नसलेले आंदोलन हा इंटरनेटच्या काळाचा आवडता आदर्श आहे, आणि त्यामागची भावना मी समजू शकतो. ज्यांनी नेते विकले जाताना पाहिले आहेत, त्यांना नेताच नको वाटणे साहजिक आहे. हाँगकाँगमध्ये २०१९ साली या पद्धतीने विलक्षण गोष्टी करून दाखवल्या. टेलिग्रामवर आणि चर्चामंचांवर मते घेत, पोलीस येण्याआधी जागा बदलत, तरुणांनी प्रत्यार्पण विधेयक, म्हणजे आरोपींना चीनच्या ताब्यात देण्याची वाट मोकळी करणारे विधेयक, मागे घ्यायला लावले. पण आंदोलनाच्या पाच मागण्यांपैकी ही एक मान्य झाल्यावर आता थांबायचे, पुढे जायचे की वाटाघाटी करायच्या, हे ठरवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, त्यामुळे प्रत्येक वेळी सर्वांत कडवी भूमिका आपोआप सगळ्यांची भूमिका ठरत गेली. नोव्हेंबर २०१९ मधल्या जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत लोकशाहीवाद्यांनी अठरापैकी सतरा परिषदा जिंकल्या, याचे कारण तिथे वस्तीवस्तीत उमेदवार, मतदार आणि दार ठोठावणारी माणसे होती. पुढे ३० जून २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने सगळेच चिरडले. बीजिंगच्या ताकदीपुढे कोणतीही संघटना टिकली असती, असा दावा मी करणार नाही. केनियात २५ जून २०२४ रोजी तरुण संसदेत घुसले आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी करवाढीचे वित्त विधेयक मागे घेतले. आपला कोणी नेता नाही, पक्ष नाही, जमात नाही, असे ते अभिमानाने सांगत होते. विधेयक गेले. पण पुढच्या काळात ज्यांना उचलून नेले गेले त्यांची यादी ठेवणे, वकील देणे, कुटुंबांकडे जाणे, ही कामे हॅशटॅगला करता येत नाहीत. ती ज्यांनी केली ते वकील आणि मानवी हक्कांचे गट आधीपासून बांधलेले होते.

मालकीचाही प्रश्न आहे, आणि त्याकडे चळवळी आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष करतात. खालेद सईदचे ते पान नोव्हेंबर २०१० मध्ये, इजिप्तमधल्या निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुकनेच बंद केले होते, कारण चालवणाऱ्याने खरे नाव दिले नव्हते. खरे नाव दिले असते तर त्याला पोलिसांनी उचलले असते. परदेशातल्या एका बाईने आपले खाते देऊ केले म्हणून पान परत सुरू झाले. ज्या सभागृहाचा मालक कधीही दिवे घालवू शकतो, कोण कोणाशेजारी बसले होते ते लिहून ठेवतो आणि कोणाचे भाषण किती जणांना ऐकू जाईल हेही ठरवतो, तिथे आपण आपली एकमेव बैठक घेऊ का? हाँगकाँगमध्ये हजारो सदस्यांचा टेलिग्राम गट चालवणाऱ्या तरुणाला जून २०१९ मध्ये पोलिसांनी घरी येऊन अटक केली. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटताच सरकारने इंटरनेट बंद केले, आणि तरीही ते आंदोलन मोडले नाही, कारण विद्यापीठांच्या वसतिगृहांतून एकमेकांना ओळखणारी मुले पसरलेली होती.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी जुन्या पद्धतीचे गुणगान करतो आहे. तसे नाही, कारण प्रत्यक्ष संघटनेचे दोषही मोठे आहेत आणि ते माणसांना लागलेले आहेत. बैठकीची वेळ ठरवणारा बहुधा असा असतो ज्याला घरी कोणाला जेवू घालायचे नसते. मोठ्या आवाजाचा माणूस बैठक खातो. माँटगोमेरीचा बहिष्कार बायकांनी सुरू केला, बायकांनीच तो चालून चालून जिंकला, आणि व्यासपीठावर मात्र पुरुष धर्मगुरू बसले. वॉशिंग्टनच्या मोर्च्यात एकाही स्त्रीला मुख्य भाषण दिले गेले नाही, आणि समलिंगी असल्यामुळे रस्टिन यांना अधिकृत प्रमुखपद मिळू शकले नाही. जो अंथरुणाला खिळलेला आहे, जिला घराबाहेर पडू दिले जात नाही, जो आपल्या गावात त्या विचाराचा एकटाच आहे, त्यांच्यासाठी इंटरनेट हे पहिले आणि कित्येकदा एकमेव दार आहे. आणि पुरावा हा तर इंटरनेटचा निर्विवाद प्रांत आहे. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलीने जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूचे चित्रण केले नसते तर पोलिसांनी आधी दिलेले निवेदनच खरे ठरले असते, आणि त्या निवेदनात पोलिसाने त्या माणसाच्या मानेवर रोवलेल्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता.

म्हणून दोन्ही साधनांनी आपापले काम केले असे एक आंदोलन मला पुन्हा पुन्हा आठवते. तीन कृषी कायद्यांविरुद्ध शेतकरी २६ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीकडे निघाले, तेव्हा पंजाबातल्या तीसहून अधिक संघटना कित्येक महिने गावोगाव फिरून, रेल्वेमार्गांवर आणि टोलनाक्यांवर बसून आलेल्या होत्या. गावाने कोणत्या घरातून कोण जाणार आणि मागे त्याच्या शेताला पाणी कोण देणार, हे आधी ठरवले होते. त्या संघटनांचे आपसात पटत होते असे अजिबात नाही, पण सरकारशी अकरा फेऱ्या बोलणी करताना कोण बसणार हे त्या ठरवू शकत होत्या. त्याच आंदोलनाने आपले यूट्यूब वाहिनीचे आणि समाजमाध्यमांचे पथक उभे केले आणि ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे कागदी वृत्तपत्रही काढले. २६ जानेवारी २०२१ च्या लाल किल्ल्यावरच्या प्रकारानंतर आंदोलन संपले असेच बहुतेकांना वाटत होते. २८ तारखेच्या संध्याकाळी गाझीपूर सीमेवर पाणी आणि वीज तोडलेली, पोलीस गोळा झालेले, आणि शेतकरी नेते राकेश टिकैत कॅमेऱ्यासमोर रडत आपण उठणार नाही असे सांगत होते. ते चित्रण त्या रात्री मोबाइलवरून पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गावांत पोहोचले. इथवर इंटरनेटचे काम. पण पाहणाऱ्यांनी रात्रीच ट्रॅक्टर काढले आणि दुसऱ्या दिवशी मुझफ्फरनगरला महापंचायत भरली, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पंचायतींच्या जाळ्यामुळे. त्यानंतर सीमांवर इंटरनेट बंद केले गेले. जे यायचे होते ते तोवर निघालेले होते, आणि मार्ग त्यांना माहीत होता. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेण्याची घोषणा झाल्यावरही ते लगेच उठले नाहीत. हमीभावाच्या आणि गुन्हे मागे घेण्याच्या मुद्द्यांवर लेखी उत्तर आल्यावर, बैठक घेऊन, ९ डिसेंबरला त्यांनी आंदोलन स्थगित केले. कधी थांबायचे हे एकत्र ठरवता येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

आज जे काही सुरू करू पाहत आहेत त्यांना माझे सांगणे यातूनच येते. हाक खुशाल इंटरनेटवरून द्या, पुरावे तिथे ठेवा, दूरच्यांना तिथून जोडून घ्या. पण जो निर्णय पाळताना कोणाला तरी किंमत मोजावी लागणार आहे, तो अशा जागी घ्या जिथे ती किंमत मोजणारा समोर बसलेला आहे. गर्दी जमल्याच्या पहिल्याच दिवशी लोकांना आठ-दहांच्या गटांत बसवा, प्रत्येक गटातून एक नाव घ्या, आणि ती नावे कागदावर असू द्या. येऊ न शकणाऱ्यांना फोनवरून बैठकीत घ्या, पण त्यांच्या बाजूने बोलण्याची जबाबदारी खोलीतल्या एका माणसावर सोपवा, नाहीतर जोडलेला फोन टेबलावर पडून राहतो. आणि प्रवक्ता नेमा, ठरावीक मुदतीसाठी, परत बोलावता येईल असा. तो नेमला नाही तर ज्याचे अनुयायी जास्त तो आपोआप प्रवक्ता होतो आणि त्याला परत बोलावण्याचा मार्ग कोणाकडेच राहत नाही.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. जिथे चार माणसांनी जमणे हाच गुन्हा आहे तिथे बैठकीचा आग्रह धरणे म्हणजे लोकांना तुरुंगात ढकलणे आहे, असे म्हणता येईल. मी या आक्षेपाला पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, पण पोलंडकडे पाहतो. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या संपातून उभी राहिलेली सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना वर्षभरात सुमारे एक कोटी सदस्यांची झाली. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, हजारो कार्यकर्ते एका रात्रीत उचलले गेले आणि देशभरातले फोन बंद पडले. काही आठवड्यांनी फोन सुरू झाले तेव्हा उचलल्यावर एक ध्वनिमुद्रित आवाज सांगत असे की हे संभाषण नियंत्रणाखाली आहे. त्या काळात कोटी सदस्य काही उपयोगाचे नव्हते. उपयोगाचे होते ते एकाच कारखान्यात किंवा एकाच गल्लीत राहणारे आणि एकमेकांवर विश्वास असलेले पाच-सहा जण. त्यांनी स्वयंपाकघरांत टंकलेखन केले, तळघरांत छापले, पिशव्यांतून वाटले, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी पैसे पोहोचवले, आणि हे सात वर्षे केले. एप्रिल १९८९ मध्ये सरकारने अंशतः खुल्या निवडणुकीला मान्यता दिली तेव्हा मतदानाला दोन महिनेही उरले नव्हते. तेवढ्या वेळात देशभर नागरिक समित्या उभ्या राहिल्या, उमेदवार ठरले, भित्तिपत्रके लागली, मतदान केंद्रांवर माणसे बसली, आणि जूनमध्ये सिनेटच्या १०० जागांपैकी ९९ सॉलिडॅरिटीच्या उमेदवारांनी जिंकल्या. कैरोच्या चौकातल्या तरुणांना मुबारक गेल्यानंतर निवडणुकीपर्यंत नऊ महिने मिळाले होते.